लहान घास

सोमवार, ४ जून
पोचलो बुवा एकदाचे! ऑफिसच्या मागेच दोन खोल्या, खिडक्या मोठ्या. बायको खूश, चिमी तर दोन वर्षांची एवढीशी, पण घरभर उंडारतेय आणि खिदळतेय. काम इतकंच: मोजणीचे नकाशे नेटवर्कवरून मुख्य ऑफिसच्या फोल्डरमध्ये टाकायचे. पण लाइन इतकी मरतुकडी की विचारू नका.

मंगळवार, ५ जून
दुखणं सापडलं. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते आणि माझ्या आधीच्या माणसानं तुकडा भलताच मोठा ठेवलाय. मध्येच अडकला की अख्खा पुन्हा पहिल्यापासून. साहेब फोनवर म्हणाले, महाहट्टी होता, जीव गेला पण तुकडा लहान करू दिला नाही. मला हसूच आलं. आत बायको चिमीला भरवत होती, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. मीही बत्तीस केबीचा तुकडा एकवर आणला आणि लाइनीला म्हटलं, घे बाई, लहान घास. सगळे नकाशे सुरळीत गेले!

शुक्रवार, ८ जून
साहेबांचा फोन. नकाशे मिळाले म्हणाले, आणि मुलीचं हसू फार गोड आहे हो. मी असलं काही पाठवलंच नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती चिमीला गुदगुल्या करून बघायला लागली. चिमी दोन दिवस हसलेली नाही.

रविवार, १० जून
चिमी मला हाक मारायला तोंड उघडते, पण आवाजच येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा ठणठणीत आहे. मुख्य ऑफिसचा फोल्डर उघडला. त्यात 'बाबा' नावाची फाइल. लावली, तर तिचाच आवाज. तुकडा पुन्हा बत्तीसवर नेला. माझ्या डोळ्यांदेखत तो एकवर आला.

सोमवार
वायर उपटली. पाठवणं चालूच. फाइल इकडे ओढून पाहिली, येत नाही. चिमीला उचललं — कापसासारखी हलकी. मोठा तुकडा असता तर अडकली असती. इथंच राहिली असती. मीच केलं हे.

मंगळवार
बायको चिमीचं रिकामं पांघरूण छातीशी धरून बसलीय. माझ्याकडे बघत नाही. काय सांगू तिला —

बुधवार
साहेबांचा फोन. मुलगी सुखरूप पोचली म्हणाले, पण जेवत नाही, बाबाच हवाय म्हणते. तुम्हीही या, घाई नको, थोडं थोडं —

डावा हात सकाळपासून —

बायकोला ओरडून सांगितलं, मशीनजवळ येऊ नको. तिला ऐकूच गेलं नाही. माझा आवाज —

जाऊ दे. पोर उपाशी आहे तिकडे. आलो गं चिमे. हा घास चिऊचा, हा घास का