रिकाम्या दुकानाची नक्कल

माय, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मला तुझा राग आता आलाय. लहानपणी यायचा तो वेगळा, रडून संपायचा. हा साठीतल्या बाईचा आहे. तो मी नीट बसून, एकेक गोष्ट सांगून काढणार आहे.

आधी दुकानाचं सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही. धुळ्याच्या घरात आम्ही ज्वारीच्या बिबड्या, नागलीचे पापड, काळा मसाला करून विकतो. पण या दुकानाला ना ओटा ना फळी, ते कॉम्प्युटरवर आहे. लोक तिथली पानं उघडून वाचतात, मागवतात, आम्ही पार्सल पाठवतो. ती पानं तुझ्या जावयानं लिहिली. एसटीतून निवृत्त झाल्यावर एका बोटानं टाइप करत बसायचे. बिबडीच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'विस्तवापासून बोटभर लांब धरा. मोडली तर वाईट वाटून घेऊ नका, चव तीच असते.' त्यांना जाऊन हे चौथं वर्ष. मी ती पानं फारशी उघडत नसे. आहेत, एवढं मला पुरत होतं.

दुकान बांधून देणाऱ्या जळगावच्या मॅडमनी बजावलं होतं, की दर शनिवारी सगळ्या दुकानाची नक्कल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. काही बिघडलं तर त्यावरून पुन्हा उभं करता येतं. मागच्या दोन-तीन नकला राहू द्या, उघडून बघत जा, असंही म्हणाल्या होत्या. ते मी कानाआड केलं. एकच पेनड्राइव्ह, जुनीवर नवी. काम सून करायची. पितृपक्ष लागायच्या आदल्या शनिवारी ती म्हणाली, "आई, पानं रिकामी दिसताहेत. वर नाव आहे, खाली काहीच नाही. आज राहू देऊ का? मॅडमना विचारते."

मी मसाल्यात होते. म्हटलं, नेट हळू असेल. आणि मग माझ्या तोंडातून तू बोललीस, "सांगं तितलं कर."

मशीननंही विचारलं असणार, आधीची नक्कल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? पोरीनं हो म्हटलं.

साक्रीचं आपलं स्वयंपाकघर आठव. चुलीवर बिबड्यांचा घाटा रटरटतोय, धुरानं तुझे डोळे लाल आहेत, मी दहा वर्षांची, ओलं फडकं पिळतेय. मी विचारते, माय, ज्वारी तीनच दिवस का भिजवायची? तू वळूनही बघत नाहीस. पळीचा दांडा माझ्या मनगटावर बसतो. "सांगं तितलं कर." पुढच्या वर्षी भिजवलेल्या ज्वारीवर काळी बुरशी आली. मला आधी दिसली होती. मी बोलले नाही, कारण बोलायचं नसतं. सगळी ज्वारी गुरांपुढे गेली तेव्हा तू मला ओसरीवर सगळ्यांसमोर मारलंस. "दिखनं नही का तुले?" दिसलं होतं, माय. तूच सांग, मी काय करायचं होतं? पोरीचं तोंड शिवायचं आणि मग ती बोलली नाही म्हणून तिला मारायचं, हा कुठला न्याय? तुझ्यावर किती कामं होती, घरात कोण कसं वागायचं, ते सगळं मला ठाऊक आहे. लग्नानंतर नवऱ्यानं आणलेल्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, तेव्हा तुझ्यासारख्या बायांबद्दलही बरंच वाचलं. समजून घेतलं. पण समजल्यानं राग गेला नाही.

त्या शनिवारनंतर ऑर्डरी आल्या नाहीत. मी म्हटलं, पितृपक्ष आहे, लोक काही घेत नाहीत. सून एकदा काही बोलायला आली आणि माझं तोंड बघून परत गेली. घट बसले तरी शांतच. मग नाशिकला नोकरी करणाऱ्या मुलाचा फोन, "आई, दुकान कुठंय?"

जळगावच्या मॅडमनी पेनड्राइव्ह लावून बघितला. म्हणाल्या, "ताई, नक्कल अगदी व्यवस्थित उतरलीय. रिकाम्या दुकानाची." ज्या कंपनीच्या मशीनवर आमचं दुकान होतं, तिथंच बिघाड होऊन पानं पुसली गेली होती, आणि ती कंपनी फक्त आठवड्याभराची नक्कल ठेवते. तो आठवडा कधीच उलटला होता. गिऱ्हाइकांचे पत्ते गेले, ते पुन्हा जमतील. पापड आमच्या हातात आहेत. पण ह्यांचं एकेक वाक्य गेलं. बिबडीचं मला पाठ आहे. मसाल्याच्या पानावर मिरची भाजताना शिंकणाऱ्या बाईबद्दल काही होतं, ती बाई मीच होते, आणि आता शब्द आठवत नाहीत.

आता खरं सांगते. मुलानं विचारलं, हे झालं कसं? मी म्हटलं, तिनं दाबलं. एवढंच. खोटं त्यात काही नाही. मुलगा तिला म्हणाला, एवढी शिकलीस आणि भरलेलं-रिकामं कळत नाही? पापड लाटायला येणाऱ्या बाया हसल्या, "अक्का, तुनी सूननी दुकान खाई टाकं व." मीही हसले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय म्हटलं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दसरा झाला तशी ती यावलला माहेरी गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुला लिहायला सोपं, तू उलट बोलत नाहीस. उद्या ती येतेय, बायाही असतील. त्यांच्यासमोर मला सांगायचंय, की ती विचारत होती आणि मी विचारू दिलं नाही. मघाशी वाटलं, आधी फोनवर तिला एकटीला सांगावं. लावला. "बोला, आई," ती म्हणाली. मी विचारलं, बस किती वाजता पोचते.