मारलेले सिक्स, खाल्लेले सिक्स

आबा, तुमची नात हल्ली बेसबॉल बघते. क्रिकेट नाही, बेसबॉल. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "म्हंजे लगोरीसारखं का?" आणि मी वैतागलो असतो. शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीमुळे तिला हा नाद लागला, आणि टीम निवडली तीही अशी की रोज तोंड पाडून बसायची वेळ. अमेरिकेतल्या कुठल्या गावाची टीम आहे, मला नावही धड घेता येत नाही. काल संध्याकाळी ती ओट्याला टेकून मोबाईलकडे बघत चिडचिड करत होती. मी मराठीत विचारलं, काय झालं गं? ती तिच्या सवयीनं इंग्रजीत म्हणाली, "पपा, वी गिव्ह अवे सो मेनी होम रन्स, अँड वी हिट नथिंग." मग तिनं मला शिकवणी घेतल्यासारखं समजावलं. होम रन म्हणजे आपला सिक्स. तिची टीम मारते थोडे आणि खाते भरपूर, दर वर्षी तेच, आणि लोक सगळा राग बॉल टाकणाऱ्यावर काढतात. पण नुसता त्याचा दोष नसतो म्हणे, मैदान केवढं आहे आणि वारा कुठून येतो तेही बघावं लागतं. मी भाजी परतत होतो, ती खाली लागली. बायकोनं दोघांनाही स्वयंपाकघरातून हाकललं.

इथं बहरीनमध्ये जिदहफ्सच्या वस्तीमागचं ते मैदान तुम्हाला आठवतं का, हे काय विचारायचं. ते तुम्हीच तर आखलं होतं. दगड वेचलेत, चुन्याची रेघ मारलीत, मधे सिमेंटची पट्टी ओतून घेतलीत. गवताचं नाव नाही, सगळी वाळू आणि खडी. एका टोकाला गॅरेजची भिंत, तिकडून पळत यायला जागा नाही, म्हणून सगळ्या ओव्हर दुसऱ्या टोकाकडून टाकायच्या. बॅटिंग करणाऱ्याची पाठ भिंतीला आणि समोर लांब गाड्या लावायची जागा. बॉल गाड्यांत पडला की सिक्स. शुक्रवारी सकाळी साडेसहाला सुरुवात, दहा-दहा ओव्हर, जुम्म्याच्या नमाजाच्या आत सगळं खलास. टीममध्ये अर्धे आपले, एप्रिलात जयंतीला हॉलमध्ये खुर्च्या मांडणारे, आणि अर्धे रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान. कॅप्टन तुम्ही, आणि घरी येऊन वही लिहिणारेही तुम्हीच. पट्टीनं आखलेले दोन रकाने, एकावर 'मारले' आणि दुसऱ्यावर 'खाल्ले'. मारलेले सिक्स एका पानात मावायचे, खाल्लेल्यांना पानं पुरायची नाहीत.

ते का, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सकाळी साडेसहाला हवा पडलेली असायची, दमटपणानं बॉल ओला व्हायचा, जड व्हायचा. कितीही जोर लावा, रेघेच्या आत झेल. साडेसात वाजले की गॅरेजच्या बाजूनं शमाल सुटायचा, इथला उत्तरेकडचा वारा, आणि मग नुसता बॅटला लागलेला बॉलही गाड्यांत जाऊन पडायचा. म्हणून समोरचा कॅप्टन टॉस जिंकला की डोळे झाकून फिल्डिंग घ्यायचा. आणि तुम्ही टॉस जिंकलात की बॅटिंग घ्यायचात. म्हणजे टॉस जिंका नाहीतर हरा, ओल्या बॉलवर खेळायचं आपण आणि वाऱ्यासमोर बॉल टाकायचा तोही आपण. कोणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं, "आधी रन हातात असल्याले बरे." एवढं बोलून शंभर फिल्सचं ते टॉसचं नाणं शर्टाच्या खिशात टाकायचं आणि चालू पडायचं. पुढं बोलायची सोय नाही.

आणि शेवटची ओव्हर माझी. मी तेव्हा वीस वर्षांचा, मनामातल्या एका ऑफिसात नुकताच चिकटलेला, स्वतःला फार मोठा बॉलर समजणारा. समोर शमाल, डोळ्यांत वाळू, आणि मी टाकलेला प्रत्येक बॉल डोक्यावरून जातोय. टीमवाले म्हणायचे, याला बॉल नको, टॅक्सी द्या, गाड्यांपर्यंत सारखं जावं लागतं. हसायचे सगळे, मीही हसायचो, पण आतून जळायचो. घरी आल्यावर आई मटणाच्या रश्शाला फोडणी देत असायची आणि तुम्ही सिंकमध्ये टेनिसचे बॉल धूत उभे. आई म्हणायची, "भांड्यांच्या साबणानं बॉल धुता, उद्या पाहुण्यांना बॉल वाढू का ताटात?" तुम्ही गालात हसायचात. खिडकीच्या कठड्यावर एकेक बॉल वाळत घालायचात, हात पुसायचात, आणि वही उघडून माझ्यासमोर तो 'खाल्ले'चा रकाना भरायला बसायचात. अक्षर एवढं सुंदर की मला त्या अक्षराचाच राग यायचा.

मग तो शुक्रवार. शेवटच्या ओव्हरमध्ये मी चार सिक्स खाल्ले आणि जिंकलेली मॅच घालवली. टोपी वाळूत आपटून मी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणालो, "तुम्हाला कॅप्टन व्हायची हौस आहे, जिंकायची नाही. वीस वर्षं इथं राहून वारा कुठून येतो एवढं कळत नाही तुम्हाला." आपले विकेटकीपर, रत्नागिरीचे चाचा, ग्लोव्हज काढता काढता थांबले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तुम्ही त्यांना हातानंच गप केलंत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "झालं का बोलून? मग बॉल वेच. सहा हुते, पाचच दिसत्यात." सहावा बॉल शोधत मी गाड्यांच्या खाली वाकत होतो आणि मनात म्हणत होतो, या माणसाच्या टीममधून परत खेळायचं नाही.

नाहीच खेळलो. पुढच्या सीझनला हमद टाउनच्या टीममध्ये गेलो. त्यांचा कॅप्टन टॉस जिंकला की फिल्डिंग घ्यायचा, विषय संपला. आणि एका शुक्रवारी तुमच्याविरुद्धच खेळायला उतरलो. अजून सगळं समोर दिसतं. साडेआठ वाजलेत, शमाल माझ्या पाठीला लागतोय, आणि समोरून तुम्ही तुमचा तो हळू, उंच बॉल टाकताय. स्टंपांमागे चाचा पुटपुटतात, "मार, मार. आता वारा मिळाला ना तुला." मी मारला. गाड्यांच्याही पलीकडे, रस्त्यावर गेला. तुम्ही कपाळाला हात लावून तो खाली पडेपर्यंत बघत राहिलात. मला वाटलं, काहीतरी बोलाल, निदान एक शिवी तरी. तुम्ही पुढचा बॉल हातात घेतलात आणि रन-अपला निघून गेलात. त्या दुपारी घरी नेहमीचाच रस्सा होता आणि आपण दोघं टीव्हीकडे बघून जेवलो.

तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात आणि दोन वर्षांत गेलातच. दिवसकार्य उरकल्यावर आईनं एक पिशवी माझ्या हातात दिली, त्यात वही होती आणि ते नाणं. मी ती हमद टाउनची मॅच शोधून काढली. 'खाल्ले'च्या रकान्यात त्या सिक्सपुढे तुम्ही लिहिलं होतं, "हा आपल्या पोरानं मारला. लई लांब गेला." मी जमिनीवर बसून रडलो आबा, लाज न बाळगता रडलो. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. रडता रडताही मनात होतंच, की काही म्हणा, बॅटिंग आधी घेणं चूकच होतं.

ते डोक्यातून गेलं चाचा बहरीन सोडून कायमचे निघाले तेव्हा. मनामाच्या बाजारात त्यांना घरच्यांसाठी अत्तर घ्यायचं होतं, मी गाडी घेऊन गेलो होतो. चहा पिता पिता मी सहज म्हणालो, आबांना शेवटपर्यंत वारा काही कळला नाही. चाचांनी कप खाली ठेवला. "तुला अजून ठाऊक नाय? अरे, आम्ही तिघं नाइट ड्यूटीवाले. आमची बस सातला जिदहफ्सला लागायची. साडेसहाला फिल्डिंग असती तर आम्हाला कोण खेळवणार होता? तुझे आबा बोलले, चाचा, तुमचा नंबर सातवा, बसनं आरामात या. टीमला मात्र सांगू नका, नायतर म्हणतील, या तिघांना काढा आणि वारा घ्या." मी विचारलं, मग त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात? "बोलणार होतो. त्यांनी हात केला नाय का?" त्या वहीत बॅटिंगच्या यादीत सातव्या नंबरापासूनची तीन नावं दर शुक्रवारी तीच असायची. मी ती वही पाठ होईस्तोवर वाचली होती आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

आता टीम माझ्याकडे आहे. तुमच्या मैदानावर इमारत उभी राहिली, आम्ही पलीकडे खेळतो, वारा तोच आहे. गेली कित्येक वर्षं मी तुमच्याच नाण्यानं टॉस करतो आणि जिंकलो की बॅटिंग घेतो. नवी पोरं मला हट्टी म्हातारा म्हणतात. मला त्यात थोडं बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू. सध्या आपल्याकडे वर्ध्याकडचा एक एसी टेक्निशियन आहे, नाइट शिफ्टवाला. बायको-मुलं गावी, खोलीत सहा जण, आठवड्यातून एकदा जीव मोकळा करायला शुक्रवारची मॅच. सव्वासातला बसमधून उतरून धावत येतो. बूट प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर कामाचेच कपडे. त्याचा नंबर सातवा.

मागच्या शुक्रवारी सेमीफायनल होती. पोरं चार दिवस माझ्या मागे लागली होती. फोनवर वाऱ्याचा अंदाज दाखवत होती, साडेसातला किती, आठला किती. मी टॉस जिंकलो आणि फिल्डिंग घेतली. वर्धेवाल्याच्या जागी दुसरा उतरवला. त्याला आधी कळवायचं होतं, कळवलं नाही. तो सव्वासातला आला आणि रेघेबाहेर उभा राहिला. ओव्हर संपल्यावर मी त्याच्याकडे गेलो तर मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काही नाही होत दादा. मी स्कोअर लिहितो ना." बूट पिशवीतच ठेवून वाळूत मांडी घालून बसला आणि वही घेतली. आम्ही जिंकलो. पोरांनी मला उचललं. त्यानं वही माझ्या हातात दिली, तर त्यानंही दोन रकाने आखले होते, आधीच्या पानांवरचे बघून. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच 'मारले'चा रकाना लांब होता, त्याच्या अक्षरात. तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी येऊ ना दादा?" मी म्हणालो, "इंशाल्ला." इथं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, असा इंशाल्ला म्हणजे बहुतेक नाहीच. तो मान हलवून बसकडे निघून गेला.

आज गुरुवार, उद्या फायनल. दुपारी त्याला मेसेज टाकला, "उद्या तुझा नंबर सातवा. बसनं आरामात ये." मेसेज वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. वाचून झोपला असेल, नाहीतर रागात असेल, त्याचा हक्कच आहे. पोरांना अजून काही सांगितलं नाही. उद्या टॉसनंतर चिडतील, चिडू देत. तुमची नात येणार आहे बघायला. टॉस जिंकून आधी बॅटिंग घेतली तर हा वेडेपणा का, असं ती विचारेल इंग्रजीतच, आणि मी तिला सगळं मराठीत सांगेन. समजतं तिला.

खरं तर सेमीफायनल जिंकलो हे सांगायला मी हे लिहायला बसलो होतो. आता हा कागद तुमच्याच वहीत, तो लांब गेलेला सिक्स आहे त्या पानात ठेवतो. आणखी एक राहिलं. मागच्या शुक्रवारी टॉसला मी समोरच्या कॅप्टनचं नाणं घेतलं. सगळ्यांना सांगितलं, आमचं घरी विसरलं. विसरलो नव्हतो, आबा. निघताना तुमचं ते नाणं खिशातून काढून मीच कपाटात ठेवलं होतं.