मोजपट्टी दुसऱ्या विमानाची

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला एव्हाना उतरला असेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जेवढं ऐकू येतं तेवढ्यावर तुम्ही रागावता, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही दोघं सुखरूप आहोत. (हे वाक्य आधीच लिहून टाकलेलं बरं.)

मी क्लबचं छोटं विमान उडवतो हे तुम्हाला माहीत आहे, आणि पसंत नाही हे मला माहीत आहे. या विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या असतात आणि समोर त्यांचे दोन काटे. आमच्या विमानाचा एक काटा टाकी कायम भरलेली दाखवतो, दुसरा वळण आलं की उड्या मारतो. म्हणून आम्ही उडण्याआधी पंखाशी शिडी लावून चढतो, झाकण उघडून लाकडी मोजपट्टी बुडवतो आणि ओल कुठल्या खुणेपर्यंत आली ते बघतो. मागच्या महिन्यात मी झाकण लावायलाच विसरलो होतो. तेव्हा आमच्या शिकवणाऱ्या मास्तरांनी निक्षून सांगितलं, इंधनात आणखी एक चूक आणि तुमचं उडणं बंद. मामा, उडणं गेलं तर मी उरतो फक्त दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारा माणूस.

तर आज सकाळी मेहुणीकडे निघालो. वाट अडीच तासांची. क्लबात विमानं दोन आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी, पण दोन्ही पट्ट्या टांगायला खिळा एकच. (आमच्या विमानाची पट्टी क्लबच्या खोलीच्या खिडकीला टेकू म्हणून मीच परवा लावली होती, हे नंतर आठवलं.) खिळ्यावर जी होती ती घेतली. तिच्यावर विमानाचा नंबर ठळक लिहिलेला आहे. लोकांना बारीक अक्षरं वाचून दाखवा म्हणणाऱ्या माणसानं तो वाचला नाही. दुसऱ्या विमानाच्या टाक्या रुंद आणि उथळ, आमच्या अरुंद आणि खोल; म्हणून तेवढ्याच ओलीला त्याची पट्टी जास्त लिटर दाखवते. पट्टी म्हणाली, ऐंशी लिटर.

तेवढ्यात तुमच्या सुनेनं क्लबची वही चाळली. ती नर्स आहे, वही दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही. तिच्या हिशेबानं टाक्या शेवटच्या पूर्ण, म्हणजे शंभर लिटर, भरल्यापासून विमान दोन तास उडालेलं, म्हणजे पन्नासच लिटर उरायला हवेत. मी म्हटलं, प्रत्यक्ष बुडवून पाहिलंय. ती म्हणाली, "अहो, दोन आकडे जुळत नसतील तर आधी का ते बघा. आमच्याकडे पेशंट असा सोडत नाहीत." पण मला मोठा आकडा आवडला.

नऊला उडालो. तासाला पंचवीस लिटर जळतं. साडेदहाला ती घड्याळ बघून म्हणाली, अर्धा तास उरलाय, वाटेतल्या धावपट्टीवर उतरू. मी काट्याकडे बोट दाखवलं. (तो भरलेला दाखवत होता. कायम दाखवतो.) अकराला पाच कमी असताना इंजिन खोकलं. मी मात्र डोकं शांत ठेवून, इंजिन चालू असतानाच, एका सपाट मोकळ्या जागी विमान अलगद उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. १ : मी कधी येत नाही अशी तुमची तक्रार असते. आलोय. तुमच्या खालच्या वावरात आहे. कोबीचे तीन वाफे गेले. पत्र घेऊन आलेल्या शेजाऱ्यांबरोबर फाटकाची किल्ली पाठवा.

ता. क. २ : इंजिन चालू नव्हतं. पण मास्तरांनी विचारलं तर तुम्ही ओट्यावरून आवाज ऐकला म्हणून सांगाल का? तुमच्या शब्दाला ते मान देतील.

ता. क. ३ : मामा, मी सून. शेजारी पत्र न्यायला येईपर्यंत यांनी ते मला वाचायला दिलं. मास्तरांना मी मघाशीच फोन करून सगळं खरं सांगितलं. यांचं उडणं सहा महिने बंद. उतरवलं मात्र खरंच छान, तेही सांगितलं. सोमवारपासून मास्तर मला शिकवणार आहेत.