अब्बांच्या समोर बसून

प्रिय सना,

शारजातून तू पाठवलेला तो व्हिडिओ अब्बांनी माझ्या मोबाईलवर पाहिला. टेबलावर ओतलेले खेकडे, कोळंबी, मका, बटाटे आणि वरून लालभडक लोणी. एकदा नाही, सात-आठ वेळा पाहिला. उजवी बाजू लुळी पडून वर्ष झालं, पण एवढं मन लावून त्यांनी काही पाहिलं नव्हतं. म्हणून रविवारी मी तेच करायला घेतलं.

मोठं पातेलं चढवलं. मीठ, लिंबं, लसणाचे अख्खे गड्डे. आधी बटाटे, मग मक्याचे तुकडे, मग खेकडे. कोळंबी अगदी शेवटी, नाहीतर ती चामड्यासारखी होते. तुझ्या व्हिडिओतला मसाला इथं कुठला मिळायला! लोणी वितळवून त्यात ठेचलेला लसूण घातला आणि आपली कांदा-लसूण चटणी, चांगली तीन चमचे. वास घरभर सुटला. अब्बा खाटेवर धडपडत उठून बसले. डाव्या हातानं टॉवेल ओढून त्यांनी स्वतःच गळ्याशी खोवला.

मी परात आणि एक रिकामी ताटली त्यांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवली, समोर बसले आणि एकटीच खाऊ लागले.

थांब, एवढ्यात शिव्या घालू नकोस. अम्मी गेली तेव्हा तू नऊ वर्षांची, शिरोळला नानीकडे होतीस. घाट बंद होता, अब्बांचा मासळीचा टेम्पो रत्नागिरीला अडकला होता, असं मीच तुला सांगितलं. घाट बंद नव्हता. शेवटच्या आठवड्यात अम्मीच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तरी तिला कोळंबीचं कालवण हवं होतं. अब्बा फोनवर म्हणाले, "आणतो की." आणि टेम्पो घेऊन मलकापूरला त्या दुसऱ्या बाईकडे चार दिवस राहिले. अम्मी दाराकडे बघत गेली. अब्बांना झटका आल्यावर त्याच बाईनं त्यांना औषधांच्या पिशवीसकट माझ्या उंबऱ्यावर आणून सोडलं.

मी खेकड्याची नांगी दातांनी फोडली. लोणी कोपरापर्यंत ओघळलं. चटणीनं नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, तरी थांबले नाही. अब्बांचं तोंड आपोआप उघडायचं, मिटायचं. मऊ काही भरवायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणालेत. कुस्करून दिली असती तर कोळंबी त्यांना गिळता आली असती. मी टरफलं त्यांच्या ताटलीत टाकत होते.

मग त्यांनी विचारलं, "सना आलीया काय गं? तिच्यासाठी केलंस न्हवं एवढं?"

होय, विचारलं. अब्बा बोलतात, सना. अडखळत बोलतात, पण सगळं कळतं.

मी म्हणाले, "सनाला तुमचं तोंड बघायचं न्हाय. मरायला टेकलासा तरी यायची न्हाय म्हणालीया."

त्यांनी टॉवेल काढला. एका हातानं घडी घालायला गेले, जमली नाही, तसाच बाजूला ठेवला. मी उरलेलं सगळं संपवलं. खोटं कशाला बोलू, चवीनं संपवलं.

तू असं कधीच म्हणाली नाहीस. दर शुक्रवारी तू विनवतेस, आपा, फोन त्यांच्या कानाला लाव. आणि मी सांगते, त्यांची वाचा गेलीय, ते माणसं ओळखत नाहीत. तेव्हा ते शेजारीच जागे असतात. कुणाचा फोन, विचारतात. मी सांगते, गॅसवाल्याचा. तुझा आवाज ऐकून त्यांना जो आनंद झाला असता, तो मला त्यांना द्यायचा नव्हता. हे फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहिते आहे. त्या रविवारला अकरा दिवस झाले. अब्बा पेज घेतात, गोळ्या घेतात, पण एक शब्द बोलत नाहीत. काल मी त्यांना खरं काय ते दोनदा सांगितलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. हे पत्र पोचेल त्या दिवशी फोन कर. मी तो त्यांच्या कानाला लावीन. तू बोल. उत्तराची वाट मात्र बघू नकोस.

तुझीच, अजून तरी,
सबिना आपा