जो गैरहजर, त्याची गोणी

४ नोव्हेंबर, मंगळवार
सगळ्यात आधी आली ती सारिका, आन ती पण मिटिंगला न्हाई, मोबाईल चार्जिंगला लावायला. मग हौशीराम आला, ताकवाला, आन कोपऱ्यात तंबाखू मळत बसला. मग नंदाबाई, माझी शेजारीण, स्टॉलला पण आन घराला पण. संपलं. लोहगडवाडी स्टॉलवाल्यांची एवढी मोठी संघटना, आन मिटिंगला ही टाळकी. त्यात मी अध्यक्ष.

अध्यक्ष झाले म्हणून जावयानं ही डायरी दिली. म्हणला, मामी, अध्यक्षाला डायरी लागती. चौथीपातुर शाळा झालीय, जमंल तसं लिवते.

मुद्दा असा. तालुक्याच्या महासंघाच्या मॅडम म्हणल्यात, गडाच्या पायथ्याला बायांसाठी संडास पायजे ना? मग तुमची माणसं रविवारी पायऱ्यांवरचा कचरा स्वताहून उचलताना दिसू द्या. आमी बघायला येऊ, मग शिफारस करू. खरं हाय. आमी बाया उजाडता स्टॉल लावतो ते अंधार पडस्तवर. जायचं तर करवंदीच्या जाळीत, आन तितं ट्रेकवाली पोरं फोटू काढीत असत्यात. नंदाबाईला शुगर. ती बिचारी स्टॉलवर पाणीच पीत न्हाई.

मी इचारलं, कोण येतंय रविवारी? हौशीराम पत्र्याकडं बघायला लागला. मग मी डोकं लढवलं. वाडीत देवीच्या उत्सवाला जो मिटिंगला न्हाई, त्याच्या नावावर काम टाकत्यात. तोच नियम लावला. जो गैरहजर, त्याची गोणी. च्या निवायच्या आत सगळी नावं ठरली. टाळ्या पण वाजल्या. माणसं जोडायची कला मला जन्मापासनंच हाय.

९ नोव्हेंबर, रविवार
पायऱ्यांवर कुणी न्हाई. जे गैरहजर व्हते त्यास्नी सांगायचं कुणी, हे ठरलंच नव्हतं. मला वाटलं सारिका सांगंल, सारिकाला वाटलं हौशीराम. म्हंजे चूक कुणाचीच न्हाई. मी गेलेच असते, पण पुण्याची बस आली आन कढईत भज्यांचा घाणा पडलेला.

सांजच्याला बघते तर नंदाबाई एकटीच बाटल्यांची गोणी वढत खाली येतीय. म्हणली, निस्तं बसून बघवना. वाईट वाटलं. तिला बशीभर भजी दिली. शुगरमुळं तिनं खाल्ली न्हाईत. मग मीच खाल्ली, पण वाईट वाटतच खाल्ली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कमाल! अख्खी संघटना हजर. बसायला जागा न्हाई. हौशीराम तापात गोधडी पांघरून आलता. ह्याला म्हणत्यात उत्साह!

सारिका कानात म्हणली, मावशी, आपलं नाव पडंल म्हणून भ्यालेत सगळे. मी म्हणलं, गप गं, तुला माणसाचं मन कळत न्हाई.

एकच घोटाळा झाला. कुणीच गैरहजर न्हाई, म्हणून काम टाकायला कुणी उरलं न्हाई. नंदाबाई म्हणली, बया, नियम ऱ्हाऊ दे, तू गोणी घेऊन पुढं हो, मागनं येतील आपसूक. तिला संघटनेतलं काय कळतंय? अध्यक्षच गोणी घेऊन हिंडली, तर तिला अध्यक्ष कोण म्हणंल?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
संकल्प केला. ह्या रविवारी मी स्वता जाणार, सगळ्यांच्या आधी. गुडघ्याला तेल चोळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
तेलानं गुडघा सैल पडला. सैल गुडघ्यानं पायऱ्या चढू नयेत. नंदाबाई गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, मुक्काम कान्हे
मिटिंग व्हती, पण निर्मलाचा फोन आला. आई, छकुली चालाया लागली! मग कसली मिटिंग? मळवलीला येऊन लोकल धरली. माझी नात, काय सांगू, भिंत सोडली, दुडूदुडू आली आन माझ्या मांडीवर बदकन बसली. लगेच मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एवढं सुख कुटं मावंना मला.

जेवताना सारिकाचा फोन. म्हणली, मावशी, आज गैरहजर तू एकटीच. सगळ्या गोण्या तुझ्या नावावर. लय टाळ्या वाजल्या.

नियम चांगलाच हाय. पण तो अध्यक्षाला लागू व्हतो का, ते बघाया पायजे.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिवायला लाज वाटतीय. बरं हाय, डायरी कुणी वाचत न्हाई.

सकाळी नंदाबाई म्हणली, चल. मी म्हणलं, तू हो पुढं, एवढा घाणा काढून आलेच. घाण्यामागं घाणा निघाला. तेवढ्यात खाली पांढरी गाडी थांबली. महासंघाच्या मॅडम आन त्यांच्याबरोबर त्यांच्याच हापिसातले किरणसर. मी कांद्याच्या पोत्यामागं जाऊन बसले. का बसले ठावं न्हाई. पाय आपले आपणच गेले. गुडघा अजिबात दुखला न्हाई.

नंदाबाई गोणी घेऊन उतरली. मॅडमनी इचारलं, अध्यक्ष कुठे आहेत? नंदाबाई कधी खोटं बोलत न्हाई. पण म्हणली, वर गडावर हाय, सगळ्यास्नी घेऊन कचरा येचतीय. मॅडम खूश. म्हणल्या, मग भेटूनच जातो. आन बसल्या की माझ्याच बाकड्यावर!

मागं मी, पोटात सकाळपासनंचा च्या. दम धरला. देवीचं नाव घेतलं. छकुलीचं घेतलं. मॅडम सरास्नी सांगत व्हत्या, प्रत्येक गावाला अशी अध्यक्ष मिळाली पाहिजे. ऐकून ऊर भरून आला. नुसता ऊर असता तर निभावलं असतं.

शेवटी पोतं लोटलं, कांदे गडगडत सुटले, आन मी पदर खोचून करवंदीच्या जाळीकडं पळाले. मागनं हौशीराम वरडला, बयामावशी, गुडघा बरा झाला वाटतं!

जाळीतनं परत यायला लय येळ लावला. तरी मॅडम तितंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणल्या, मावशी, संडासाची गरज आम्हाला पटली. पण काम करणारी एकटीच दिसली. शिफारस कशी करू? पंधरा दिवसांनी, रविवारीच, पुन्हा एकदा येऊन बघू.

नंदाबाईनं माझ्याकडं बघितलं न्हाई. खाली वाकून माझेच कांदे गोळा करत व्हती.

२४ नोव्हेंबर, सोमवार
नंदाबाईच्या घरी गेले. म्हणलं, चुकलं माझं. ती म्हणली, त्याचं काय न्हाई गं. पण जल्मात पयल्यांदा खोटं बोलले तुझ्यापायी, आन ते बी तू टिकू दिलं न्हाईस. मग हसली. घरी व्हती म्हणून तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत व्हती. ते बघवंना मला.

नियम रद्द केला. तिची गोणी मागून घेतली. दाराच्या खिळ्याला लावलीय, येता-जाता दिसंल अशी. म्हणलं, मॅडम येतील तवा मी सगळ्यात वरच्या पायरीवर असंन. आता मागं हटणं न्हाई.

दिवेलागणीला निर्मलाचा फोन. छकुलीचा पयला वाढदिवस कान्ह्यालाच करायचा ठरलाय. सात डिसेंबरला, रविवारी. आई, केक तुझ्याच मांडीवर बसून कापायचाय तिला. मी बरं म्हणले.

फोन ठिवला आन गोणीकडं बघत बसले. मॅडम परत येणार म्हणल्यात, तो बी रविवारच. सात डिसेंबर.