उपाशी बाटल्या

ती. दादा,

नमस्कार वाकूनच करणार होते, पण पाठ धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचला असं समज. तुझा गुडघा कसा आहे? (तू ‘उत्तम’ म्हणशील, म्हणून वहिनीनेच कळवावं.) इकडे सगळं ठीक आहे. बाबांच्या हातून आमच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग वाया गेला, एवढंच.

आई गेल्यापासून बाबांना घरात एकटं ठेववत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांना सोबत कामावर नेलं. माझं काम तू दरवेळी विसरतोस (आणि पाहुण्यांना मी औषधाच्या दुकानात असते म्हणून सांगतोस). आम्ही बाटल्यांत जिवंत पेशी वाढवतो आणि मग मुद्दाम त्यांचं अन्न तोडतो. बाहेरून काही मिळेनासं झालं की पेशी वाढणं थांबवते, आणि स्वतःच्याच आतलं जुनंपानं, मोडकंतोडकं पचवून त्यावर दिवस काढते. नवं काही करत नाही, नुसता तग धरते. हे मी बाबांना रंगवून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि मी हात धुवायला गेले. त्या बाटल्यांच्या कप्प्यावर माझ्याच ठळक अक्षरात ‘उपाशी’ अशी चिठ्ठी लावलेली होती. परत येते तो बाबा शेजारच्या कप्प्यातलं पोषकद्रव एकेका बाटलीत ओतताहेत, तेही थेंब न सांडता (आईने ज्यांना जन्मभर चहा गाळू दिला नाही, ते हे).

मी कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "अगं, उपाशी बसवून ठेवल्यात नुसत्या. कुणी बघायला नको?" आणि हे म्हणतंय कोण, तर ज्यांच्या ताटातलं अर्धं मी रोज झाकून ठेवते ते. मला हसू येत होतं आणि रडूही, म्हणून मी फरशी पुसायला घेतली (कोरडीच होती).

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमना सगळं सांगितलं, तशा त्यांनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. मग "वडील जेवतात ना नीट?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून मांडला आहे. काळजी नसावी.

तुझी,
चिमी

ता.क. बाबा नीट जेवत नाहीत, दादा. त्यांच्या पट्ट्याला मी नवं भोक पाडून दिलं. वरचं ‘ठीक’ खोडून वाच. मला भीती वाटते.

आणखी ता.क. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी विचारतात, "त्या जेवल्या का?" मी म्हणते, तुम्ही जेवलात की उद्या त्यांना घालीन. मग चार घास जास्त जातात. बाटल्या खरं तर मॅडमनी तेव्हाच ओतून टाकायला लावल्या. तुला खरं बोलायची फार खोड आहे, म्हणून एवढं सगळं लिहिलं. फोनवर बाबांनी विचारलंच, तर पेशी मजेत आहेत म्हण.

शेवटचा ता.क. पाकीट बंद करत होते, तेवढ्यात बाबा पानावर येऊन बसले. म्हणाले, "टाकून दिल्या असतील ना गं त्या?" मी पाकीट खाली ठेवलं. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "असू दे. वाढ." तेव्हा तुला खोटं बोलायला नको. नुसता ये, तिघं बसून जेवू.