बाळाची अंघोळ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

चि. संयू हिला आईचा आशीर्वाद, आणि पोटातल्याला वेगळा.

गडहिंग्लजला थंडी आहे का? इकडे सगळं ठीक. बाबांनी माळ्यावरून न्हाणीतला पाट काढून घासून ठेवलाय. तुझे डिंकाचे लाडू तानाबाई वळणार आहे. मी का नाही, असं विचारशील, म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस.

अक्षर मुंगीएवढं झालंय ना? ओळ नीट सुरू करते, पण शेवटाला ती आपोआप बारीक होते. व्हिडिओ कॉलवर उजवा हात पदराखाली असतो, तोही थंडीमुळे नाही. रिकामा ठेवला की तो थरथरतो.

डॉक्टर म्हणाले, कंपवातासारखं आहे, पण सौम्य आहे. कारखान्यात मी यंत्रांचे भाग ज्या औषधात बुडवून त्यांवरचं तेल काढायचे, त्याच्या वाफेनं झालेलं दिसतंय. त्याचा गोडसर वास आम्हा बायकांना आधीच्या रॉकेलपेक्षा बरा वाटायचा. मालकानं पंखा बसवतो म्हणत वर्षं घालवली, त्याचा राग अजून गेलेला नाही. काम सोडलंय, गोळ्या चालू आहेत. कारखान्यात माझ्या शेजारच्या टाकीवर तानाबाई असायची, तिलाही तपासून आणलं. ती ठणठणीत आहे. मला म्हणते, "आगं, हाताला सांग की गप बस म्हणून. न्हाय ऐकला तर माझ्याकडं पाठीव."

ती हसवते, पण मला तुझं हे येणारं पहिलं बाळंतपण दिसतं. तुझं लग्न ठरलं तेव्हापासून मनात होतं, नातवंडाला मीच न्हाऊ घालणार. परवा घरात कोणी नसताना पाटावर बसले, पाय लांब केले आणि पिठाची पिशवी पायांवर घेतली. पालथी करायला उचलली तर हातातून निसटली. न्हाणीभर पीठ झालं. बाबा आले, त्यांनी खराटा घेऊन सगळं धुऊन काढलं.

हे वाचून तू सासरीच थांबायचं ठरवलंस तर रुसणार नाही. रडेन मात्र.

पण एक सांगते. पायांवर होती तोवर पिशवी जराही हलली नव्हती. पाय अजून माझे आहेत. तू ये. बाळाला माझ्या पायांवर ठेव, तेल तू लाव, पाणी तू घाल. कुठं चोळायचं, कसं पालथं करायचं, ते मी सांगेन.

पाय लांब करून वाट बघणारी,
तुझी आई